ॲरिझोनातलं प्रायव्हेट स्कूल टॅक्स क्रेडिट: पैसे भरण्याआधीपासून रिटर्न भरेपर्यंत सगळं सविस्तर

चँडलर, गिल्बर्ट, पिओरिया, स्कॉट्सडेल या भागात राहत असाल तर मार्च लागला की शाळांच्या कुंपणांवर बॅनर झळकायला लागतात, "१५ एप्रिलच्या आत डोनेट करा, डॉलरला डॉलर क्रेडिट मिळवा", आणि मग आपल्या मराठी ग्रुपवर दरवर्षीसारखा तोच प्रश्न येतो की हे खरंच फुकटात होतं का, यात काही घोळ तर नाही ना. घोळ काही नाही. राज्याचा कायदा आहे, १९९७ पासून आहे, आणि असं क्रेडिट आणणारं ॲरिझोना हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. तुम्ही एका सर्टिफाइड संस्थेला पैसे देता, ती संस्था त्यातून खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलांना स्कॉलरशिप देते, आणि तुम्ही दिलेली रक्कम तुमच्या राज्याच्या टॅक्समधून वजा होते. या संस्थेला इथे स्कूल ट्युशन ऑर्गनायझेशन म्हणतात, सगळेजण एसटीओ म्हणतात, मीही पुढे तेच म्हणणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. हे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत, म्हणजे ते राज्याच्या तिजोरीतून जातात, जिथून पब्लिक शाळांनाही पैसे मिळतात. तुम्हाला फक्त ते कुठे जावेत हे ठरवायचा हक्क मिळालाय. म्हणून संस्था निवडताना दहा मिनिटं जास्त घाला, आणि अदलाबदलीच्या भानगडीत पडू नका (ती काय ते पुढे येतंय).

क्रेडिट म्हणजे ८०जी नाही

आपल्या लोकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. भारतात ८०जी खाली देणगी दिली की ती उत्पन्नातून वजा होते, म्हणजे दहा हजार दिले तर टॅक्स वाचतो तो तुमच्या स्लॅबप्रमाणे त्याचा काही हिस्सा. इथलं हे क्रेडिट थेट टॅक्समधून वजा होतं. हजार डॉलर दिले तर राज्याचा टॅक्स हजार डॉलरने कमी, म्हणून तर डॉलरला डॉलर म्हणतात.

पण एक अट, हे नॉन-रिफंडेबल आहे. तुमचा ॲरिझोनाचा टॅक्स जितका आहे तितकंच वापरता येतं, टॅक्स शून्य झाला की उरलेलं सरकार हातात देत नाही. ते पुढे ढकलता येतं, सलग ५ वर्षांपर्यंत. आणि दुसरं म्हणजे हे फक्त राज्याच्या टॅक्समधून जातं, फेडरल टॅक्सशी याचा संबंध वेगळा आहे, तो खाली बघू.

गावच्या शाळेला किंवा भारतातल्या ट्रस्टला दिलेली देणगी यात चालेल का असं विचारणारे बरेच असतात. नाही चालत. ॲरिझोनाच्या डिपार्टमेंट ऑफ रेव्हेन्यूने सर्टिफाय केलेली एसटीओच लागते.

दोन क्रेडिट आहेत, एक नाही

पहिलं ओरिजिनल, त्याचा फॉर्म ३२३. दुसरं स्विचर, काही ठिकाणी प्लस किंवा ओव्हरफ्लो असंही लिहिलेलं दिसतं, त्याचा फॉर्म ३४८. स्विचर २०१२ पासून आलं. नियम असा की आधी ओरिजिनलची मर्यादा पूर्ण भरायची, त्यानंतरच स्विचरला हात लावायचा. उलटं करता येत नाही.

२०२५ च्या टॅक्स वर्षासाठी मर्यादा अशा आहेत: नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर ओरिजिनल १,५३५ डॉलर आणि स्विचर १,५२७, एकूण ३,०६२. सिंगल किंवा हेड ऑफ हाउसहोल्ड असाल तर ७६९ आणि ७६६, एकूण १,५३५. आदल्या वर्षी, म्हणजे २०२४ ला, जोडप्याची एकूण मर्यादा २,९१० होती आणि सिंगलची १,४५९. महागाईप्रमाणे आकडा दरवर्षी बदलतो, त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी फॉरवर्ड केलेल्या मेसेजवरून पैसे भरू नका, डिपार्टमेंटच्या साइटवर त्या त्या वर्षाचा आकडा असतो तो बघा.

देणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही क्रेडिट सारखीच, फरक पडतो तो घेणाऱ्या मुलाला. ओरिजिनलचे पैसे खाजगी शाळेतल्या कुठल्याही मुलाला मिळू शकतात. स्विचरचे पैसे मिळायला मुलाला जास्तीच्या अटी असतात, म्हणजे पब्लिक शाळेतून खाजगी शाळेत आलेलं मूल, किंडरगार्टनमध्ये जाणारं मूल, मिलिटरीतल्या पालकांचं मूल असे ठरावीक गट आहेत.

आधी हिशोब, मग पैसे

बहुतेक लोक थेट कमाल आकडा भरून मोकळे होतात. तसं करू नका. आधी आपला ॲरिझोनाचा टॅक्स किती होणार ते काढा. २०२३ पासून इथे सरळ २.५ टक्के दर आहे त्यामुळे हिशोब सोपा झालाय, ॲरिझोनाचं करपात्र उत्पन्न गुणिले ०.०२५. मागच्या वर्षीचं रिटर्न उघडा, तो आकडा बघा, पगारवाढ वगैरे अंदाजे धरा.

समजा एका जोडप्याचं करपात्र उत्पन्न १,४०,००० डॉलर आहे. टॅक्स झाला ३,५००. वर्षभरात पगारातून २,८०० कापले गेलेत. काहीच केलं नाही तर एप्रिलमध्ये ७०० भरावे लागतील. आता त्यांनी एसटीओला पूर्ण ३,०६२ दिले, तर टॅक्स उरला ४३८, आणि कापलेत २,८००, म्हणजे २,३६२ रिफंड. ७०० भरायचे वाचले आणि २,३६२ परत आले, बेरीज ३,०६२. जेवढे दिले तेवढेच आले, एक डॉलर कमी नाही, जास्तही नाही. फक्त मधले काही आठवडे किंवा महिने पैसे अडकून पडतात एवढंच.

आता दुसरं घर घ्या, एकाचीच नोकरी, करपात्र उत्पन्न ८०,०००. टॅक्स २,००० च. यांनी ३,०६२ भरले तर १,०६२ यावर्षी वापरले जाणार नाहीत, पुढच्या वर्षावर जातील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कमाल भरलं तर ढीग वाढतच जाईल, शेवटी ५ वर्षं उलटली की जुनं क्रेडिट वाया. या घराने २,००० च्या आतच राहावं.

इथे एक बारीक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. टॅक्स कमी असल्यामुळे न वापरलेलं क्रेडिट पुढे जातं. पण मर्यादेपेक्षा जास्त दिलेले पैसे पुढे जात नाहीत. ४,००० दिले तर ३,०६२ च्या वरचे ९३८ ही साधी देणगी झाली, त्यावर राज्याचं क्रेडिट नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही.

आणि त्या २,००० वर हक्क सांगणारी आणखीही क्रेडिट आहेत. पब्लिक शाळांसाठीचं वेगळं क्रेडिट आहे, फॉर्म ३२२, जोडप्याला ४०० डॉलर आणि सिंगलला २००. गरजू लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचं फॉर्म ३२१, फॉस्टर केअरच्या संस्थांचं फॉर्म ३५२. ही सगळी वेगवेगळी मिळतात, एकमेकांची मर्यादा खात नाहीत, पण सगळी एकाच टॅक्समधून वजा होतात ना. तर टॅक्स जेमतेम असेल तर क्रम तुम्हीच ठरवायचा. माझं मत विचाराल तर आधी पब्लिक शाळेचे ४०० द्या. चँडलर-स्कॉट्सडेलकडची आपली कितीतरी मुलं बेसिससारख्या चार्टर शाळांमध्ये जातात, चार्टर म्हणजे पब्लिकच, आणि या क्रेडिटमध्ये स्वतःच्या मुलाच्या खेळाची, बँडची, रोबोटिक्सची, शाळेच्या सहलीची फीसुद्धा धरली जाते. एसटीओमध्ये स्वतःच्या मुलाला फायदा करून घेता येत नाही, इथे मात्र कायदाच परवानगी देतो. शाळेला ती फी भरलीच असेल तर पावती शोधून काढा, बरेच जण ती विसरूनच जातात.

एसटीओ कशी निवडायची

सर्टिफाइड एसटीओंची यादी डिपार्टमेंट ऑफ रेव्हेन्यूच्या साइटवर असते. ओरिजिनल आणि स्विचरसाठीची यादी वेगळी आणि कंपन्यांच्या क्रेडिटसाठीची वेगळी, आपल्याला पहिली लागते. यात धर्माशी जोडलेल्या संस्था बऱ्याच आहेत, ॲरिझोना ख्रिश्चन स्कूल ट्युशन ऑर्गनायझेशन, कॅथलिक एज्युकेशन ॲरिझोना, ज्यूइश ट्युशन ऑर्गनायझेशन ही मोठी नावं, आणि कुठल्याही धर्माशी न बांधलेल्या, कुठल्याही खाजगी शाळेतल्या मुलांना मदत करणाऱ्या संस्थाही आहेत. ख्रिश्चन संस्थेला का द्यायचे असं काहींना वाटतं, काहींना त्याने काही फरक पडत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. कोर्टात मात्र हा वाद गाजलाय. ॲरिझोनाच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये हे क्रेडिट कायदेशीर ठरवलं, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की फक्त करदाते आहोत म्हणून याविरुद्ध दावा लावता येत नाही, धर्माच्या मूळ प्रश्नात कोर्ट शिरलंच नाही. तेव्हापासून क्रेडिट चालूच आहे.

निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगेन. डिपार्टमेंट दरवर्षी एक रिपोर्ट काढतं, लांबलचक असतो पण त्यातले तक्ते सोपे आहेत. त्यात प्रत्येक एसटीओकडे किती देणग्या आल्या, किती मुलांना किती रक्कम दिली, आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना त्यातले किती टक्के गेले हे छापलेलं असतं. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण ओरिजिनल क्रेडिटच्या स्कॉलरशिपला उत्पन्नाची मर्यादा नाही, मोठ्या पगाराच्या घरातलं मूलही ती घेऊ शकतं, आणि दोन एसटीओंमध्ये या बाबतीत खूप अंतर असू शकतं. तिथेच प्रत्येक संस्थेतल्या सगळ्यात जास्त पगाराच्या तीन जणांचे पगारही दिलेले असतात, तेही बघून घ्या.

दुसरं, कायद्याने एसटीओला किमान ९० टक्के रक्कम स्कॉलरशिपवर खर्च करावी लागते, १० टक्क्यांपर्यंत ऑफिसखर्चाला ठेवता येते. काही संस्था पूर्ण १० ठेवतात, काही त्यापेक्षा कमी. फोन करून विचारा, चांगली संस्था लगेच सांगते.

तिसरं, पैसे किती काळ पडून राहतात. देणगी आली आणि स्कॉलरशिप वर्ष-दोन वर्षांनी गेली तर त्या मुलाची यंदाची फी कोण भरणार.

डोनेशनचा फॉर्म, आणि तो एक चौकोन

बहुतेक एसटीओंच्या साइटवर फॉर्म सारखाच. नाव-पत्ता रिटर्नवर आहे तसाच लिहा, जोडप्याचं असेल तर दोघांची नावं. टॅक्स वर्ष निवडा. १ जानेवारी ते १५ एप्रिलमध्ये भरत असाल तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण या काळातली देणगी आदल्या वर्षात धरता येते किंवा चालू वर्षात, निवड तुमची. म्हणजे २०२५ च्या रिटर्नसाठी १५ एप्रिल २०२६ पर्यंत देता येतं. रिटर्नचं एक्स्टेंशन घेतलं तरी देणगीची तारीख पुढे जात नाही हं. मग ओरिजिनल किंवा स्विचर निवडा, कितीतरी साइटवर नुसती एकूण रक्कम टाकली की मर्यादेप्रमाणे आपोआप विभागून मिळते. पैसे कार्ड, बँक खातं किंवा चेकने देता येतात.

एकरकमी ३,०६२ जड जात असतील तर दर महिन्याला थोडे थोडे देता येतात. आणि तुमच्या कंपनीने सोय ठेवली असेल तर फॉर्म ए-४सी भरून पगारातून राज्याचा टॅक्स कमी कापून तीच रक्कम थेट एसटीओला पाठवता येते, मग रिफंडची वाटच बघायला लागत नाही. एचआरला विचारून बघा.

आता तो चौकोन. "विद्यार्थ्याची किंवा शाळेची शिफारस करायची आहे का?" रिकामा ठेवला तरी चालतं, मग संस्था गरज बघून देते. एखाद्या शाळेचं नाव टाकता येतं. एखाद्या मुलाचं नावही टाकता येतं, भाच्याचं, पुतणीचं, नातवंडाचं, शेजाऱ्यांच्या मुलाचं. मात्र ही शिफारस आहे, आदेश नाही, फक्त देणाऱ्याच्या सांगण्यावरून स्कॉलरशिप द्यायला कायद्याने बंदी आहे. आणि स्वतःवर अवलंबून असलेल्या मुलाचं नाव टाकून क्रेडिट घेता येत नाही.

इथून पुढचं नीट वाचा. "मी तुझ्या मुलीच्या नावाने देतो, तू माझ्या मुलाच्या नावाने दे" हे चालत नाही. प्रत्येक एसटीओच्या साइटवर आणि देणगी मागणाऱ्या छापील पत्रकांवर कायद्याने सांगितलेली सूचना असते, तिचा अर्थ सरळ आहे: स्वतःच्या मुलाला फायदा व्हावा म्हणून दुसऱ्या करदात्याशी देणग्यांची अदलाबदल ठरवली असेल तर क्रेडिट घेता येणार नाही. तीन घरांनी गोल फिरवलं, अ ने ब च्या, ब ने क च्या, क ने अ च्या मुलाला, तरी ती अदलाबदलच. आपल्या ग्रुपवर असा मेसेज कोणी टाकला तर प्लीज त्याला लगेच सांगा, कारण लिहून ठरवलेली गोष्ट म्हणजे पुरावाच की. ज्या घरात मुलाला खरंच मदत लागतेय त्याने ओळखीच्यांना "आमच्या मुलाची शिफारस कराल का" असं विचारणं पूर्ण कायदेशीर आहे, काहीच लपवायची गरज नाही, फक्त बदल्यात काही द्यायचं-घ्यायचं ठरवायचं नाही.

रिटर्न भरताना

पावती ईमेलने येते. त्यावर संस्थेचं नाव, तारीख, रक्कम आणि कुठलं क्रेडिट हे चारही आहेत का बघा. आधी देणगी, मग रिटर्न, हा क्रम पाळा. रिटर्न पाठवून झाल्यावर मार्चअखेर देणगी दिली आणि ती मागच्या वर्षात धरायची असेल तर सुधारित रिटर्न, फॉर्म १४०एक्स, भरावं लागतं, विनाकारण ताप.

सॉफ्टवेअर वापरत असाल तर फेडरल भाग संपवून ॲरिझोनाच्या भागात या, तिथे क्रेडिटच्या यादीत "प्रायव्हेट स्कूल ट्युशन ऑर्गनायझेशन" असं काहीतरी दिसेल. फॉर्म ३२३ मध्ये देणग्या दोन वेगळ्या ठिकाणी लिहायच्या असतात, कॅलेंडर वर्षातल्या एकीकडे आणि पुढच्या जानेवारी ते १५ एप्रिलमधल्या दुसरीकडे, हे चुकलं की पुढच्या वर्षी तीच देणगी परत मोजली जाण्याचा धोका असतो. ३२३ ची मर्यादा भरली की उरलेलं ३४८ वर. सगळ्या क्रेडिटची बेरीज फॉर्म ३०१ वर जाते, सॉफ्टवेअर गरजेप्रमाणे तो स्वतःच जोडतं. तुम्ही वर्षाच्या मध्ये टेक्सास किंवा न्यू जर्सीहून इकडे आलात तरी, ॲरिझोनाचा टॅक्स लागत असेल तर हे क्रेडिट घेता येतं, पार्ट-इयर रेसिडेंटच्या रिटर्नवरही.

सीए किंवा सीपीएकडून रिटर्न भरून घेत असाल तर पावत्या आपणहून पाठवा. तो दुसऱ्या राज्यात बसलेला असेल तर त्याला ही क्रेडिट ठाऊक असतीलच असं नाही, आपणच फॉर्म नंबर सांगायचे.

फेडरल बाजू

२०१९ साली आयआरएसने, म्हणजे फेडरल टॅक्स खात्याने, नियम पक्का केला की देणगीच्या बदल्यात राज्याचं क्रेडिट मिळत असेल तर तेवढी रक्कम फेडरलच्या चॅरिटी डिडक्शनमधून वगळायची. इथे क्रेडिट शंभर टक्के आहे, त्यामुळे चॅरिटी डिडक्शन शून्य. एसटीओची पावती चॅरिटीत टाकू नका.

पण आयटेमाइझ करत असाल, म्हणजे सरसकट स्टँडर्ड डिडक्शन न घेता एकेक खर्च दाखवत असाल, तर ही रक्कम राज्याला भरलेल्या टॅक्ससारखी धरायची सोय आहे, म्हणजे सॉल्टच्या (राज्य आणि स्थानिक टॅक्सच्या) रकान्यात, त्याच्या मर्यादेच्या आत. पूर्वी ती मर्यादा १०,००० होती तेव्हा घराचा प्रॉपर्टी टॅक्स आणि राज्याचा टॅक्स मिळूनच ती भरून जायची. २०२५ साठी ती ४०,००० केली आहे (उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की कमी होत जाते), त्यामुळे मोठं होम लोन असलेल्या घरांनी पुन्हा हिशोब करून बघावा. २०२५ चं जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० आहे, बहुतेक घरं तेच घेतात आणि त्यांना यातलं काहीच करायला नको.

स्कॉलरशिप तुमच्या मुलाला हवी असेल तर

आधी शाळेच्या ऑफिसात विचारा की इथली मुलं कुठल्या कुठल्या एसटीओंकडून मदत घेतात, त्यांना ते तोंडपाठ असतं. एकापेक्षा जास्त एसटीओंकडे अर्ज करता येतो आणि करावाच, एकूण मिळून फीपेक्षा जास्त घेता येत नाही एवढंच. प्रत्येकीच्या तारखा वेगळ्या, उत्पन्नाची कागदपत्रं वेगळी, काहींची अर्जाची छोटी फी असते. एखाद्या शिफारशीवर विसंबून ॲडमिशन घेऊ नका, मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत फीची व्यवस्था स्वतःची ठेवा.

आणि ईएसए, म्हणजे राज्याचं एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट, जे २०२२ पासून सगळ्याच मुलांसाठी खुलं झालं, ते घेतलं तर त्याच वेळी एसटीओची स्कॉलरशिप घेता येत नाही. दोन्हींचे आकडे समोर ठेवून एक निवडा. सही करायच्या आधी, नंतर नाही.

जॉर्जिया आणि पेनसिल्व्हेनियातल्यांसाठी थोडक्यात

ॲटलांटा, अल्फारेटाकडच्या लोकांनी ॲरिझोनाचं वाचून सरळ पैसे भरू नयेत. जॉर्जियात आधी मंजुरी लागते. सगळ्या राज्याची मिळून वर्षाची मर्यादा १२ कोटी डॉलर, आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशीच त्यापेक्षा जास्त अर्ज येतात, मग सगळ्यांना प्रमाणात कमी करून देतात. म्हणून तिथल्या संस्थेकडे, तिला एसएसओ (स्टुडंट स्कॉलरशिप ऑर्गनायझेशन) म्हणतात, अर्ज आदल्या वर्षीच देऊन ठेवायचा. जोडप्याला ५,००० पर्यंत, सिंगलला २,५०० पर्यंत मागता येतात. मंजुरीचं पत्र आलं की ६० दिवसांत पैसे भरायचे, नाहीतर मंजुरी गेली.

पेनसिल्व्हेनियात २००१ पासून ईआयटीसी (एज्युकेशनल इम्प्रूव्हमेंट टॅक्स क्रेडिट) आहे, ते मुळात कंपन्यांसाठी, ७५ टक्के क्रेडिट, दोन वर्षांचं वचन दिलं तर ९० टक्के. नोकरदार माणसाला त्यात यायचं तर त्यासाठी खास बनवलेल्या एलएलसीतून यावं लागतं, हे स्वतःच्या स्वतः करण्यासारखं नाही, सीपीएला धरूनच करा.

२०२७ पासून येणारं फेडरल क्रेडिट

जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या मोठ्या टॅक्स कायद्यात हेही आहे, कलम २५एफ. १ जानेवारी २०२७ पासून स्कॉलरशिप ग्रँटिंग ऑर्गनायझेशनला, म्हणजे एसजीओला, रोख देणगी दिली तर १,७०० डॉलरपर्यंत फेडरल टॅक्समधून थेट वजा. हेही नॉन-रिफंडेबल, हेही ५ वर्षं पुढे नेता येतं. पण ॲरिझोनासारखं ते नाही, काही फरक आत्ताच डोक्यात ठेवा. राज्याने यात सहभागी व्हायचं ठरवलं तरच तिथल्या संस्था पात्र, आणि त्यांची यादी राज्याने पाठवायची. मुलाच्या घरचं उत्पन्न त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ३०० टक्क्यांच्या आत हवं. पैसे फक्त खाजगी शाळेच्या फीलाच नाही, शिकवणी, पुस्तकं, विशेष गरजांच्या मुलांच्या सेवा अशालाही जाऊ शकतात. आणि एका विशिष्ट मुलासाठी राखून देणगी संस्थेला घेता येत नाही, ॲरिझोनातला शिफारशीचा चौकोन इथे डोक्यातून काढून टाकायचा.

त्याच देणगीवर राज्याचं क्रेडिट घेतलं तर फेडरल क्रेडिट तेवढ्याने कमी होतं. म्हणजे एकच पावती दोन्हीकडे लावून दुप्पट परत मिळणार नाही. दोन्ही क्रेडिट पूर्ण हवी असतील तर दोन वेगळ्या देणग्या, दोन वेगळ्या पावत्या, आणि २०२७ मध्ये पैसे भरायच्या आधी तुमच्या राज्याच्या त्या वर्षीच्या यादीत संस्थेचं नाव आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, संस्थेने फोनवर सांगितलं एवढ्यावर भागवायचं नाही.